जिना वर कुठे उतरतो, ते आधी बघा

पत्र : आम्ही दुमजली घर बांधतोय. घर ३० फूट रुंद आणि ४० फूट खोल, डावीकडे सहा फूट सोडून शेजाऱ्यांची उंच भिंत. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली. वर आमची, मुलीची आणि मुलाची अशा तीन बेडरूम. सगळं ठरलंय, जिन्यापाशी मात्र घोडं अडलंय. मिस्टरांना दारातून आत आल्या आल्या हॉलमध्ये सरळ, देखणा जिना हवाय आणि त्यावर डबल हाइट, म्हणजे मध्ये स्लॅब न घालता दोन मजले उंच मोकळी जागा. सासूबाई म्हणतात, जिना बाहेरूनच घ्या, उद्या वरचा मजला वेगळा करायची वेळ आली तर अडचण नको. आर्किटेक्टनी तो मागच्या डाव्या कोपऱ्यात टाकलाय आणि मधल्या लँडिंगखाली टॉयलेट दाखवलंय. यात जागा सगळ्यात कमी जाते असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. तिघांचंही थोडं थोडं पटतं, त्यामुळे माझं काहीच ठरत नाही. पुढच्या आठवड्यात कॉलमची आखणी आहे.

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला सारून आधी तुम्हालाच लिहायला बसले. कॉलमची आखणी आठ दिवस पुढे ढकला. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. एकदा कॉलम उभे राहिले आणि स्लॅबमधली मोकळी जागा ठरली, की जिना घरात हवा तिथे सरकवता येत नाही. खोलीची भिंत नंतर फूटभर इकडेतिकडे करता येते, दार बुजवून दुसरीकडे फोडता येतं. जिना मात्र जिथे ओतला तिथे घर पाडेपर्यंत राहतो. तरीही नकाशा काढताना खोल्या आधी बसवतात आणि उरलेल्या फटीत जिना कोंबतात. इतकी वर्षं साइटवर घालवल्यावर मी या बाबतीत जरा कर्मठ झाले आहे: कोऱ्या कागदावर पहिली वस्तू जिना, मग बाकीचं घर.

तुमच्या घरातले तिघंही खालच्या मजल्यावर उभं राहून बोलताहेत. मिस्टरांना हॉलमधून जिना दिसतोय, सासूबाईंना दार दिसतंय आणि आर्किटेक्टना कोपरा. तुम्ही वरच्या मजल्याचा कागद पुढ्यात घ्या आणि बघा, शेवटची पायरी चढलेला माणूस कुठे उभा राहतो. तिथून तीन बेडरूमच्या तीन दारांपर्यंत त्याला चालत जायचंय, आणि ते चालणं म्हणजे पॅसेज. मागच्या कोपऱ्यातला जिना खाली जागा कमी घेतो हे खरं आहे. पण वर उतरल्यावर पुढच्या बेडरूमपर्यंत जायला किमान वीस फुटांचा बोळ लागेल. साडेतीन फूट रुंदीने ते ७० चौरस फूट झाले, म्हणजे दहा बाय सातची एक खोली. त्या बोळाला खिडकी नाही, दिवसाही दिवा लावावा लागणार, आणि रात्री उशिरा येणारा प्रत्येक जण बाकीच्यांच्या दारांवरून जाणार. खाली वाचवलेली जागा वर गेली, इतकाच त्याचा हिशेब. तोच जिना पुढून मागे घराच्या साधारण मध्यावर आणला, तर आठ बाय पाचच्या छोट्याशा चौकात तिन्ही दारं उघडतात. चाळीस चौरस फुटांत काम होतं.

आता जिन्याचा आकार, कारण जागा त्याच्यावरच ठरते. तुमचा मजला दहा फुटांचा धरते, म्हणजे खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत १२० इंच. १८ चढ (एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उभी उंची म्हणजे चढ) केले तर एकेक चढ पावणेसात इंचांच्या जरा आत येतो. पाय ठेवायची पायरी ११ इंच घ्या. फ्रान्सोआ ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने सतराव्या शतकात एक साधा ठोकताळा मांडला होता: दोन चढ अधिक एक पायरी मिळून माणसाचं एक पाऊल व्हावं. आजही जगभर थोड्याफार फरकाने तोच वापरतात आणि बेरीज साधारण २४-२५ इंच ठेवतात. तुमची बेरीज सव्वाचोवीस येते, म्हणजे उत्तम. इंग्लंडच्या नियमात घरातल्या जिन्याचा कोन ४२ अंशांपर्यंत चालतो. तुमचा ३१ अंशांच्या आसपास बसेल. ४२ अंशांचा जिना तरुणपणी चालतो. कपड्यांची बादली घेऊन उतरताना मात्र शिडीवर असल्यासारखं वाटतं.

हे १८ चढ सरळ एका रेषेत टाकले, तर १७ पायऱ्यांना (शेवटचा चढ थेट वरच्या फरशीवर येतो, म्हणून पायरी एक कमी) साडेपंधरा फूट आणि वरखाली उभं राहायला साडेतीन-साडेतीन फूट, म्हणजे सगळे मिळून साधारण साडेबावीस फूट लागतात. रुंदी जेमतेम सव्वातीन फूट असल्याने कागदावर हा जिना सडपातळ दिसतो आणि क्षेत्रफळही कमी खातो. गोम अशी, की तो तुम्हाला सुरू केलं तिथून साडेपंधरा फूट लांब नेऊन सोडतो. मिस्टरांच्या कल्पनेप्रमाणे तो दारापासून मागे चढत गेला तर वर मध्यावर उतरतो, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांची कल्पना वाटते तितकी अव्यवहारी नाही. पण डबल हाइट घेतली की वरची पंधरा बाय बाराची जागा हवेत जाते. म्हणजे तीनपैकी एक बेडरूमच गेली, की ती आता कुठे बसवणार? शिवाय हॉलमधला टीव्ही वरच्या प्रत्येक खोलीत ऐकू येतो, आणि बोलणंही. मुलं दहावी-बारावीला आली की या आवाजाची किंमत कळते.

आणखी एक गोष्ट. हॉलमधून चढणारा जिना असला की वर जाणारा-येणारा प्रत्येक जण पाहुण्यांसमोरून जातो. सकाळी डोकं पुसत खाली येणारा माणूस, ओळख टाळायला बघणारी पंधरा वर्षांची मुलगी, सगळे रंगमंचावर. काही घरांना हे आवडतं, मुलं कधी आली-गेली ते कळतं. मला विचाराल तर त्यासाठी जिना हॉलमध्ये नको, जेवणाच्या टेबलावरून दिसेल असा हवा. घरातलं माणूस तिथे जास्त वेळ असतं.

स्वयंपाकघरातून मात्र जिना वर नेऊ नका, कुणी सुचवला तरी. गरम हवा वर चढते आणि जिना हे तिचं धुराडं होतं. फोडणीचा वास उशांपर्यंत पोचतो, पण ती किरकोळ गोष्ट. खरी काळजी आगीची. आग लागलीच तर ती स्वयंपाकघरात लागण्याची शक्यता जास्त, आणि वरच्या माणसांना खाली यायची वाट तीच. धूर आणि माणसं एकाच वाटेवर समोरासमोर येतात.

मग जिना कुठे? तुमच्या डाव्या भिंतीला, हॉलच्या मागे. तिकडे शेजाऱ्यांची उंच भिंत असल्याने त्या बाजूला खिडकी काढूनही फारसं काही दिसणार नाही. बाहेरची भिंत ही घरातली सगळ्यात मोलाची वस्तू. उजेड, वारा, झाड, रस्ता, जे काही बघण्यासारखं असेल ते तिथूनच येतं. जिन्यावर माणूस पंधरा सेकंद असतो, त्याला घराची चांगली बाजू देणं म्हणजे उधळपट्टी. (तुमची डावी बाजू दुपारच्या उन्हाची असेल तर दुधात साखर, जिना खोल्यांना उन्हापासून आडोसा देईल.) तिथे दोन फ्लाइटचा, म्हणजे सलग पायऱ्यांच्या दोन रांगांचा, मध्ये लँडिंग घेऊन उलटा वळणारा जिना घ्या, ज्याला साइटवर डॉग-लेग म्हणतात. नऊ चढ, लँडिंग, पुन्हा नऊ चढ. प्रत्येक फ्लाइटमध्ये आठ पायऱ्या, त्यांचे सव्वासात फूट आणि वर बोटभर, साडेतीन फूट लँडिंग, पायथ्याला चार फूट मोकळे. लांबी पंधरा फूट, आणि सव्वातीन-सव्वातीन फुटांच्या दोन फ्लाइटमध्ये अर्ध्या फुटाची फट धरून रुंदी सात फूट.

हे १०५ चौरस फूट ऐकून मिस्टरांच्या भुवया वर जातील. त्यांना सांगा, हा जिना जिथून निघतो त्याच्याच डोक्यावर वर उतरतो. पायथा दर्शनी भिंतीपासून सतरा ते एकवीस फुटांच्या पट्ट्यात ठेवला आणि फ्लाइट मागच्या बाजूला पळवल्या, तर वरचा चौक बरोबर घराच्या मध्यावर येतो. पुढे कधी तिसरा मजला चढवलात तर जिना त्याच खांबांवर, त्याच जागी वर सरकतो. सरळ जिन्याला तेव्हा पुन्हा मागे येऊन सुरुवात करावी लागते. शिवाय सरळ जिन्यात वरून घसरलेला माणूस सतरा पायऱ्या खाली येतो, इथे लँडिंगवर थांबतो.

दोन फ्लाइटपैकी पहिली आतल्या बाजूला आणि दुसरी बाहेरच्या भिंतीलगत घ्या. हे उलटं झालं तर जिन्याखालच्या टॉयलेटला खिडकी मिळत नाही. आणि तुमच्या नकाशात टॉयलेटचा आणखी एक घोळ मला पत्रावरूनच दिसतोय. मधलं लँडिंग नऊ चढांवर, म्हणजे फरशीपासून बरोबर पाच फुटांवर. त्यातून स्लॅबची जाडी सहा इंच वजा करा. उरले साडेचार फूट. खाली बीम आली तर त्याहून कमी. तिथे टॉयलेट दाखवलंय, तर आत कुणी उभं कसं राहायचं? प्लॅनमध्ये चौकोन छान बसतो, कारण प्लॅनला उंची नसते. लँडिंगखाली झाडू, बादल्या, पाण्याचा पंप, जुन्या चपला, एवढंच मावतं. टॉयलेट दुसऱ्या फ्लाइटखाली घ्या, कारण तिच्याखालची उंची साडेचार फुटांपासून वाढत नऊच्या पुढे जाते. कमोड लँडिंगच्या बाजूला थोडा आत सरकवून, कारण बसलेल्या माणसाला पाच फूट पुरतात. दार आणि बेसिन पायथ्याच्या बाजूला, जिथे ताठ उभं राहता येतं. आणि ती फ्लाइट बाहेरच्या भिंतीला असल्यामुळे टॉयलेटला खिडकी मिळते. लँडिंगवर दुसरी खिडकी काढा. ती शेजाऱ्यांच्या भिंतीवर उघडली तरी पायऱ्या दिसण्याइतका उजेड देते. पायऱ्यांना तेवढाच हवा असतो.

सासूबाईंचं म्हणणं मला तुमच्या घरात सगळ्यात दूरदृष्टीचं वाटलं. पण त्यासाठी जिना आत्तापासून बाहेर नेऊ नका. बाहेरचा जिना असलेल्या घरात वरची माणसं आणि खालची माणसं हळूहळू शेजारी होतात. पावसात मुलाला पाणी प्यायला खाली यायचं तर छत्री लागते, आणि वरचा मजला रात्री वेगळा कुलूपबंद करावा लागतो. त्याऐवजी पायथ्याच्या चार फुटांच्या पट्ट्यात, डाव्या बाहेरच्या भिंतीत एका दाराची जागा आजच ठरवा. वर लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई टाका, खाली विटांनी भिंत भरून घ्या, प्लास्टर करा. बाहेर तुमचे सहा फूट आहेतच. उद्या गरज पडली तर तेवढ्या विटा काढून दार बसवायचं आणि हॉलकडची बाजू बंद करायची, की वरचा मजला स्वतंत्र. फक्त हे दार आणि टॉयलेटचं दार एकमेकांवर आपटणार नाहीत आणि कुठलंही दार पहिल्या पायरीवर उघडणार नाही, हे कागदावर दारं उघडताना फिरतात ते चाप काढून तपासा.

गुडघ्यांसाठी जिना सोपा करता येतो, पण खरा उपाय म्हणजे त्यांची खोली आणि तिला जोडलेलं टॉयलेट खालीच, आणि ते तुम्ही केलंय. माझी काळजी वेगळी आहे. त्यांच्या पलंगाचं डोकं जिन्याच्या भिंतीला लागू देऊ नका. पायऱ्यांवरून धावणाऱ्या मुलांचा दणदणाट त्या भिंतीतून थेट उशीत येतो. मध्ये कपाटांची रांग किंवा टॉयलेट आलं तर उत्तम. आणि त्या कधीमधी वर जातीलच. त्यांच्यासाठी आधाराचा दांडा दोन्ही बाजूंना लावा, पायरीच्या टोकापासून तीन फूट उंचीवर, मुठीत मावेल असा गोल. हल्ली चार इंच रुंद सपाट लाकूड लावतात, ते दिसतं झकास आणि पकडता येत नाही. कठड्याच्या गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमीच हवी, नाहीतर लहान मूल डोकं अडकवतं.

गोल जिन्याचं कुणीतरी सुचवेलच, जागा वाचते म्हणून. माळ्यावर किंवा गच्चीत जायला ठीक. रोजच्या वापराला नको. आतल्या टोकाला पायरी तीन-चार इंचांची होते आणि गादी वर कशी न्यायची ते गादी आल्यावरच कळतं. डॉग-लेगमध्ये लँडिंगच्या जागी तिरक्या पायऱ्या घालून फूट वाचवायचा प्रस्ताव आला, तर त्यालाही हेच उत्तर द्या.

आता माझ्याच घराची फजिती सांगते. माझ्या जिन्यात शेवटच्या पायरीला प्रत्येक पाहुणा अडखळतो. मी दिवसभर दुसऱ्यांचे जिने तपासत होते आणि माझ्या घरी सेंटरिंगवाल्याने (काँक्रीटचा साचा बांधणाऱ्याने) एकूण उंचीचे सारखे भाग करून सगळे चढ नेमके सारखे ओतले. चूक तिथेच झाली. नंतर खालच्या आणि वरच्या मजल्याला फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून अडीच इंचांचा थर आला, पायऱ्यांवर मात्र दीडच इंचाचा. पहिला चढ एक इंचाने बुटका झाला, शेवटचा एक इंचाने उंच. दोन इंचांची तफावत डोळ्यांना दिसत नाही. पायांना कळते, कारण दोन-तीन पायऱ्यांत पाय लय पकडतात आणि मग बघणं सोडून देतात. अमेरिकेत घरांच्या बांधकामासाठी जी संहिता वापरतात, तिच्यात एका फ्लाइटमधल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या चढात ३/८ इंचाहून, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. माझा त्याच्या पाचपट आहे. तुम्ही फरशी कुठली आणि तिचा थर किती, हे जिना ओतायच्या आधी ठरवा आणि ठेकेदाराला तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंतचं माप द्या.

मिस्टरांना जिना देखणाच हवा असेल तर पहिल्या तीन पायऱ्या पायथ्याच्या चौकात जरा रुंद करा, हॉलमधून तेवढ्याच दिसतील अशा. लाकूड, दगड, दिवा, काय हौस करायची ती तिथे करू द्या. डबल हाइटच्या मानाने स्वस्तात मिटेल.

या आठवड्यात दोन कामं. पहिलं, प्लॉटवर चुन्याने सात बाय पंधराचा आयत आखा, त्यात पायऱ्यांच्या रेघा मारा, आणि घरातल्या सगळ्यांना त्यावरून चालायला लावा. पायथ्यापाशी कुणीतरी उभं राहावं, दुसऱ्याने हॉलमधून मागे जावं. चार फूट पुरतात की नाही ते तेवढ्यात कळतं. वळणावर लांब कपाट फिरतं का, हे दोघांनी हात पसरून बघा, हसू येईल पण बघा.

दुसरं, आर्किटेक्टकडे जिन्यातून कापलेला उभा छेद मागा. 'प्लॅनमध्ये सगळं आहे' असं ते म्हणाले तरी मागा. त्यात तीन आकडे लिहिलेले हवेत: प्रत्येक चढाची उंची फरशीसकट, लँडिंगखालची मोकळी उंची, आणि चढणाऱ्याच्या डोक्यावर स्लॅबच्या कडेची बीम कुठे येते ती उंची. तिसरा आकडा पायरीच्या टोकापासून मोजतात आणि तो सात फुटांखाली आला तर बीम सरकवायला सांगा. तुमच्या छेदात लँडिंगखाली साडेचार फूट दिसले की टॉयलेटची चर्चा आपोआप संपेल, तुम्हाला वाद घालायला लागणार नाही.